भावजींची स्की घेऊ, की मैत्रीण म्हणते ती?

पत्र

चार हिवाळे झाले, दर वर्षी आठवडाभर भाड्याच्या स्कीवर जाते. वय ३९, उंची १६४ सेंमी, वजन ६१ किलो. निळ्या, म्हणजे सोप्या उतारांवर दोन्ही स्की समांतर ठेवून छान वळते. लाल, म्हणजे मध्यम अवघड उतारावर सकाळी बर्फ कडक असला की बाहेरची स्की निसटते आणि मग मी घाबरून आडवी घसरतच खाली येते. दुपारी बर्फ मऊ होऊन त्याचे ढीग झाले की दोन तासांत मांड्या भरून येतात. वेगाची हौस नाही, छोटी छोटी वळणं घेत उतरायला आवडतं. आता स्वतःची स्की घ्यायची आहे. माझे थोरले दीर त्यांची जुनी जायंट स्लालमची (मोठ्या वळणांच्या शर्यतीची) जोडी तशीच देतो म्हणतात. १८५ सेंमी लांब आहे आणि तिच्यावर ‘आर २७ मी’ असं छापलंय. मैत्रीण म्हणते, मधली रुंदी १०४ मिमी असलेली घे, ती सगळीकडे चालते आणि पुढेही पुरेल. दुकानात बायकांसाठीची वेगळी स्की दाखवली. भाड्याचे बूट सैल होतात म्हणून मी दोन जोड मोजे घालते, त्याचं विशेष काही नाही. नेमकं काय घेऊ?

उत्तर

नमस्कार,

मोज्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी तिथूनच सुरुवात करणार आहे. स्कीला जे काही सांगायचं ते तुम्ही नडगीने आणि तळपायाने सांगता, आणि ते बुटातून खाली पोहोचतं. बूट सैल असला की गुडघा झुकतो, पाय आतल्या आत सरकतो, आणि स्की तेवढा वेळ बर्फावर सपाटच राहते. कडक बर्फावर निसटायला तेवढा वेळ पुरतो. तुमच्या घसरण्यात स्कीचा वाटा किती आणि बुटाचा किती, याचा नेमका हिशेब पत्रावरून मांडता येणार नाही, पण बुटाचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. मोज्यांनी ही पोकळी भरत नाही. ते दाबले जातात, तासाभरात बूट पुन्हा सैल होतो, आणि घाम धरून ठेवल्यामुळे पाय गार पडतात ते वेगळंच.

तेव्हा पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर या हिवाळ्यात बूट घ्या आणि स्की भाड्याचीच ठेवा. दोन्ही जमत असेल तरीही बूट आधी.

बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पावलं मोजा. २४.३ आलं तर २४.५ चा बूट मागा. २५.५ चा बूट पायात घातल्या घातल्या फार सुखाचा वाटेल, पण त्या सुखात तुम्ही चार हिवाळे काढलेच आहेत. मग आतला मऊ लायनर काढून घ्या आणि नुसत्या कवचात पाय घाला. बोटं पुढे टेकवली की टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, म्हणजे दोन बोटं जेमतेम जातील इतकी. तीन बोटं सहज जात असतील तर तो बूट मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो. लायनर परत घालून, एकच पातळ मोजा चढवून सगळ्या पट्ट्या लावा. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकतील. गुडघे पुढे वाकवून नडगीने बूट दाबला की बोटं मागे सरकतील, पण टाच उचलली जाता कामा नये. टाच उचलली गेली तर तो बूट ठेवून द्या, कितीही आवडलेला असला तरी. बुटाचा कडकपणा सांगणारा फ्लेक्सचा आकडा तुम्हाला ८० ते ९० च्या दरम्यान चालेल. मात्र या कंपनीचा ९० आणि त्या कंपनीचा ९० सारखे नसतात, म्हणून आकड्यापेक्षा बूट वाकवून बघण्यावर जास्त विश्वास ठेवा. बूट पायात घालून वीस मिनिटं दुकानातच वावरा. चवड्याला किंवा घोट्याच्या हाडाला एखाद्या जागी रुतत असेल तर तेवढ्या जागी कवच गरम करून फुगवता येतं. मोठं कवच लहान करता येत नाही.

आता भावजींची जोडी. त्यांनी मायेने देऊ केली आहे, तरीही घेऊ नका. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण ‘आर’चा तो आकडा समजला की दुकानातलं अर्धं काम सोपं होतं.

स्की पुढे आणि मागे रुंद, मध्ये अरुंद असते. बाजूच्या या वक्राला साइडकट म्हणतात. हाच वक्र पुढे वाढवून पूर्ण वर्तुळ काढलं तर त्याची जी त्रिज्या येईल ती स्कीवर छापतात. स्की कडेवर कलवली आणि ती वाकली की वळण या छापील त्रिज्येपेक्षा लहान होतं. ढोबळ हिशेब असा, की छापील त्रिज्येला कलण्याच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. तुम्ही लाल उतारावर स्की ३० अंशांनी कलवता असं धरू. १३ मीटरची स्की तेव्हा सुमारे ११ मीटर त्रिज्येचं वळण घेईल आणि भावजींची स्की २३ मीटरचं. त्या २७ मीटरच्या स्कीतून ११ मीटरचं वळण काढायचं तर ती सुमारे ६५ अंश कलवावी लागेल. इतकं कलणं म्हणजे कंबर बर्फाला टेकायच्या बेतात येणं. स्पर्धक हे करतात ते प्रचंड वेगाच्या आणि वर्षानुवर्षांच्या सरावाच्या बळावर.

तुम्हाला तर छोटी वळणं आवडतात आणि वेग नको असतो. मग त्या स्कीवर काय होईल? वळण येईना म्हणून तुम्ही टाचा बाहेर ढकलाल, स्की आडवी होईल, घसरेल. ज्या सवयीतून सुटायचं आहे तीच पक्की होईल. त्यात रेसिंगच्या स्कीमध्ये लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे असतात. तिला वाकवायला वजन आणि वेग दोन्ही लागतात, आणि ६१ किलो वजनाच्या माणसाला हळू जाताना ती फळीसारखी वाटते.

जोडीच्या वयाचाही प्रश्न आहे. पुरुषांच्या जायंट स्लालमसाठी २७ मीटर ही आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची किमान त्रिज्या होती, ती २०१२-१३ च्या हंगामात ३५ मीटरवर नेली गेली आणि पुढे ३० वर आली. म्हणजे ही जोडी बहुधा त्याआधीची आहे. इतक्या जुन्या बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीची, जबाबदारी कंपन्या पुढे घेत नाहीत, आणि मग चांगल्या दुकानातले तंत्रज्ञ त्यांना हात लावत नाहीत. शिवाय बाइंडिंग किती जोराला सुटेल हे सांगणारा एक आकडा असतो, जितका मोठा तितकी पकड घट्ट, आणि रेसिंगची काही बाइंडिंग ८ पासूनच सुरू होतात. पडल्यावर ती तुमच्या वजनाला सुटणारच नाहीत, आणि न सुटलेल्या बाइंडिंगची किंमत गुडघा मोजतो. भावजींना हे कारण सांगा. स्वतः शर्यती केलेला माणूस ते लगेच समजून घेईल.

‘लांब स्की म्हणजे पट्टीच्या खेळाडूची स्की’ हा समज अजून बऱ्याच घरांत आहे. तो सरळ स्कीच्या काळातला. तेव्हा हात वर करून मनगटापर्यंत येईल इतकी लांब स्की घेत, कारण बर्फात पकड धरायला लांबीशिवाय फारसं काही नव्हतं. १९९३ च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने एससीएक्स ही खोल साइडकटची स्की आणली. दशक संपेपर्यंत सगळ्यांच्याच स्की आखूड आणि जास्त वक्र झाल्या. आज विश्वचषकात स्लालमसाठी (छोट्या वळणांच्या शर्यतीसाठी) स्कीची किमान लांबी पुरुषांना १६५ आणि स्त्रियांना १५५ सेंमी आहे, आणि छोटी वळणं हवी असल्याने स्पर्धक त्याच्या आसपासच राहतात. तेव्हा आखूड स्की घेण्यात काही कमीपणा नाही.

तुमच्यासाठी मी १५० ते १५६ सेंमी म्हणेन. तुमच्या उंचीला ती नाक आणि कपाळाच्या मध्ये कुठेतरी येते. उंचीवरून मोजायची पद्धत सोयीची आहे, पण स्कीला जाणवतं ते वजन. तुमच्याच उंचीची पण ७५ किलो वजनाची, वेगाने जाणारी बाई असती तर तिला मी १६० च्या पुढे पाठवलं असतं.

मैत्रिणीच्या १०४ मिमीकडे येऊ. ती चुकीचं बोलत नाही, फक्त ती वेगळ्या बर्फाबद्दल बोलते आहे. ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फात रुंद स्की वर तरंगते आणि त्यात तिची मजा खरोखर मोठी आहे. पण तुमचा आठवडा जातो यंत्राने सपाट केलेल्या उतारांवर. बुटाचा तळ साधारण ७० मिमी रुंद असतो, म्हणजे मध्यापासून ३५. ७८ मिमीच्या स्कीची धातूची कड मध्यापासून ३९ मिमीवर येते, जवळजवळ बुटाच्या कडेखालीच. १०४ च्या स्कीवर ती ५२ मिमीवर जाते. कडक बर्फात सगळं वजन त्या कडेवर असतं, आणि कड जितकी बाहेर तितका बर्फ स्कीला पुन्हा सपाट पाडायला बघतो. ते रोखायचं काम घोटा आणि गुडघा करतात. एका कडेवरून दुसरीवर यायलाही जास्त वेळ लागतो, आणि छोट्या वळणांत तेवढा वेळ हाताशी नसतो. सकाळच्या लाल उतारावर तुमचं निसटणं या स्कीने वाढेल.

दुपारच्या ढिगाऱ्यांसाठी मात्र मैत्रिणीचा मुद्दा थोडा लागू पडतो. अगदी अरुंद, ६८-७० मिमीची कार्व्हिंग स्की (कडेवर कापत वळण्यासाठीची) मऊ बर्फात रुतते, ढिगावर अडखळते आणि मांड्यांना राबवते. म्हणून मधली रुंदी ७६ ते ८२ मिमी धरा. त्रिज्या १२ ते १४ मीटर.

पुढे कधी आखलेल्या उतारांच्या बाहेर, खोल बर्फात जायची इच्छा झाली तर तेव्हा रुंद स्की भाड्याने घ्या. त्याआधी हिमस्खलनाचं प्रशिक्षण घ्या, आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) घेऊन जाणकारांसोबतच जा. रुंद स्की हातात आली म्हणून तिकडे वळणारे लोक बघितले की मला काळजी वाटते.

स्कीचा बाजूने दिसणारा आकारही दुकानात बघून घ्या. त्याला कुठलं उपकरण लागत नाही. जोडीतल्या दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. मध्यभागी फट दिसेल, मुठीत दाबली की ती मिटते. हा कॅम्बर. तुम्ही वर उभ्या राहिलात की तो दाबला जातो, त्यामुळे टोकापासून शेपटीपर्यंतची कड बर्फाला घट्ट धरते. मग नजर वर न्या. दोन्ही स्की टोकाच्या खालीच एकमेकींपासून दूर व्हायला लागतात, की बऱ्याच आधी? जितक्या आधी, तितका पुढचा रॉकर जास्त. रॉकरमुळे वळण सहज सुरू होतं आणि मऊ बर्फात टोक वर राहतं. पण तेवढी लांबी कडक बर्फावर टेकत नाही. तुम्हाला पायाखाली स्पष्ट कॅम्बर आणि पुढे थोडा रॉकर अशी स्की हवी. रॉकर बऱ्यापैकी लांब असला तर १५६ घ्या. जेमतेम असला तर १५० पुरेल. मागच्या बाजूलाही मोठा रॉकर असलेली स्की मी तुमच्यासाठी टाळेन, कारण वळणाच्या शेवटी पकड हवी असते आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे.

गाभा लाकडी असावा. धातूचा पूर्ण पत्रा नको, पायाखाली अरुंद पट्टी असली तर हरकत नाही. पकड किंचित वाढते आणि स्की वाकायला जड होत नाही.

बायकांच्या स्कीबद्दल फार विचार करू नका. बहुतेकदा ती थोडी हलकी आणि लवचीक असते, आखूड मापांत मिळते, आणि काहींत बाइंडिंगची जागा जराशी पुढे असते. तुमच्या वजनाला यातलं बरंच सोयीचं आहे. काही मॉडेलमध्ये आतली स्की तीच आणि फक्त रंग वेगळा असतो, तेही चालेल. वर दिलेले आकडे जुळले की झालं.

‘पुढेही पुरेल अशी घे’ या सल्ल्याबद्दल मात्र मला बोलायचंच आहे, कारण तो प्रेमापोटी दिला जातो आणि त्याने फार लोक अडकून पडतात. अवघड स्की माणसाला शिकवत नाही. ती चुकीच्या क्षणी पुढे पळते, माणूस घाबरून मागे झुकतो, मागे झुकलं की स्कीचं टोक हलकं होतं, आणि मग वळणच सुरू होत नाही. तुमच्या मांड्या भरून येण्याचं एक कारण हे मागे झुकणंही असू शकेल. जी स्की तुमच्या आजच्या वेगाला वाकते तिच्यावर तुम्हाला वळणाची सुरुवात, मध्य आणि शेवट वेगवेगळे जाणवतील, आणि ते जाणवलं की कडेवर विसंबायला भीती वाटणार नाही. मी सुचवलेली स्की अजून बरेच हिवाळे अपुरी पडणार नाही. काळ्या, म्हणजे सर्वांत अवघड उतारांवरही लोक ८० मिमीच्या स्कीवर आनंदाने उतरतात.

विकत घेण्याआधी चालवून बघा. पुष्कळ ठिकाणी नव्या मॉडेलची जोडी दिवसभरासाठी चाचणीला मिळते. एकाच दिवशी, एकाच उतारावर, दोनच मॉडेल बघा. चार बघितली की सगळं डोक्यात मिसळतं. पहिली उतरण सोडून द्या, पाय रुळायला तेवढं लागतं. नंतर लक्ष द्या, की वळण सुरू करायला ढकलावं लागतं का, मध्यावर स्की थरथरते का, आणि शेवटी ती सहज सुटून पुढच्या वळणात येते का. एक फेरी सकाळी कडक बर्फावर आणि एक दुपारी थकलेल्या पायांनी घ्या. दुपारची फेरी जास्त खरं सांगते.

पण चाचणीच्या आधी कडा तपासा. नखाची पाठ कडेवरून आडवी हलकेच ओढा. नखाचा पांढरा बारीक भुगा निघाला तर धार आहे. नख नुसतं सरकलं तर नाही. बोथट कडेची उत्तम स्कीसुद्धा धार लावलेल्या साध्या स्कीपुढे हरते, आणि भाड्याच्या ढिगातली जोडी पुष्कळदा बोथट असते. तुमच्या लाल उतारावरच्या घसरण्यात याचाही हात असणार. स्वतःची स्की झाली की आठवडाभराच्या वापरात एकदा तरी धार आणि मेण करून घ्या.

शेवटी बाइंडिंग. ती बुटाच्या तळाच्या लांबीवर बसवतात, म्हणून दुकानात जाताना नवे बूट सोबत न्या. बुटाचा तळ ग्रिपवॉकचा (चालायला सोपा, गोलसर) असला तर बाइंडिंगही त्याला चालणारं आहे ना, हे विचारा. ब्रेकची (सुटलेली स्की थांबवणाऱ्या दांड्यांची) रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा थोडीच जास्त असावी. सुटण्याचा आकडा तंत्रज्ञ तक्त्यावरून काढतो. त्याला वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि तुम्ही कशा प्रकारे स्की करता, एवढी माहिती लागते. प्रकार तीन असतात, सावध, मधला आणि आक्रमक. तुमच्या पत्रावरून मी तुम्हाला सावध आणि मधल्याच्या सीमेवर धरेन. तिथे सावध सांगा. वजन कमी करून सांगू नका आणि कौशल्य वाढवून सांगू नका, हा आकडा तुमच्या गुडघ्यासाठी आहे. निघालेला आकडा बाइंडिंगच्या श्रेणीच्या मध्याजवळ पडेल असं बाइंडिंग घ्या, टोकाला नको. नंतर घरी स्क्रू फिरवून तो बदलू नका. दर हिवाळ्याच्या सुरुवातीला तपासून घ्या. मध्येच वजनात मोठा फरक पडला किंवा बूट बदलले, तर त्याच हंगामात पुन्हा दाखवा.